तुमच्या घरातलं दुपारचं एक मिनिट

भाऊ,

रविवार, सकाळी साडेदहा. पिंप्राळ्याच्या केंद्रातलं कपाट उघडलं तेव्हा हजर तिघं: वहिनी, शकुंतला आणि मी. वहीप्रमाणे कॅसेटी एकशे एकोणपन्नास. मोजल्या तेव्हा एकशे अठ्ठेचाळीस. तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आठ दिवस झाले होते.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "मुनीम, माणूस गेला तरी तुझी मोजणी थांबत नाही." नाही थांबत. मला दुसरं काही येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

वहिनी सहा वर्षांत पहिल्यांदाच केंद्रात आल्या. लोकांचं बोलणं टेपवर भरायला शिकवायची समाजमंदिराच्या मागची ही एवढीशी खोली, दोन टेपरेकॉर्डर, चार माइक आणि एक कपाट, यापायी तुम्ही संध्याकाळी घरी नसायचा, म्हणून त्या केंद्राला 'माझी सवत' म्हणायच्या. त्या दिवशी बाकावर बसल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला यांचा आवाज द्या. थोडा असला तरी चालेल. दोन शब्द असले तरी."

"असेल की वहिनी," मी म्हणालो. "सहा वर्षं भाऊंनी दुसरं केलं काय?"

बोलून तर गेलो. मग मी कचेरीतून तीन दिवसांची रजा काढली. शकुंतला शिकवते त्या बालवाडीला सुट्टी होती. आम्ही दोघांनी दोन यंत्रं लावली आणि मधलं पुढं पळवत, प्रश्नांच्या जागा थांबून ऐकत एकशे अठ्ठेचाळीस कॅसेटी पालथ्या घातल्या. त्यात विहिरीवरच्या भांडणापासून पाळण्यापर्यंत सगळं आहे. भुसावळच्या हमालाची मुलाखत आहे, धुळ्याच्या सूतगिरणीतल्या बायका आहेत, सातपुड्याच्या पायथ्याची एक म्हातारी चारोळ्या कशा फोडायच्या ते सांगते आहे. तुमचा आवाज कुठंही नाही. एक शब्द नाही. एक हुंकार नाही.

कसा असेल? पहिल्या वर्गात पहिला नियम तुम्हीच सांगायचा. "ज्याच्या हातात माइक, त्याचं तोंड बंद. लोकांना बोलू द्या. आपण बोलायला नाही आलो." कॅसेटच्या सुरुवातीला गाव, वार, कोण कोण हजर, हे सांगायचं कामही शिकणाऱ्यांनीच करायचं. तुम्ही फक्त बोटानं खूण करायचा. ऐकता ऐकता शकुंतलेनं कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाली, "काका, मला भीती वाटते आहे. ते प्रत्येक खोलीत होते ना? मी स्वतः होते बरोबर. मग कुठंच कसे नाहीत?"

मी तिला म्हटलं, नियम होता तसा. पण मलाही दुपारभर तेच वाटत होतं. माणूस सहा वर्षं सगळीकडे हजर, आणि पुरावा शून्य.

मी तुमच्याकडे कसा आलो ते आठवतं? मी आलो होतो हिशेब तपासायला. केंद्राला थोडं अनुदान मिळालं होतं आणि कुणीतरी मला सांगितलं, रविवारी जाऊन जरा वह्या बघ. वर्ग चालू होता. दहा-बारा बाया, चार-पाच पोरं. तुम्ही एका मावशीला सांगत होता, "अक्का, माइक म्हणजे कुल्फी नाही. चार बोटं लांब धरा." तिनं चार बोटं मोजून धरला आणि विचारलं, "भाऊ, बोटं मनी का तुमनी?" माझी की तुमची. सगळा वर्ग हसला. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. मग मला दारात उभा पाहून म्हणालात, "या मुनीम, बसा. डोळे मिटा. एक मिनिट ऐका आणि किती आवाज आले ते लिहा."

मी लिहिले नऊ. तुम्ही लिहिले होते अठरा. "नऊच?" तुम्ही म्हणालात. "अहो, अर्धी खतावणी कोरी ठेवलीत तुम्ही." मला राग आला. पुढच्या रविवारी मी पुन्हा आलो, ते अकरा लिहायला. त्यानंतर सहा वर्षं येतच राहिलो. वह्या बघता बघता शिकवायला लागलो. टेप कशी जोडायची, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल कशी करायची, प्रश्न विचारून गप्प कसं बसायचं. दर महिन्याला आपण एक 'बोलता अंक' काढायचो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या वस्तीत जाऊन वाजवायचो. माझ्या घरी आजही कुणाला पटत नाही की मी लोकांना काही शिकवू शकतो.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. ती म्हणजे रिकामं मिनिट.

कुठल्याही घरात बोलणं भरून झालं की तुम्ही हात वर करायचा. सगळ्यांनी गप्प. मग एक मिनिट त्या खोलीचा नुसता आवाज भरायचा. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. मी पहिल्यांदा विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "जोडताना लागतं. मधे कोरी टेप आली की ऐकणारा दचकतो. त्याला वाटतं, घरच मेलं. म्हणून घराचा आवाज त्याच घराचा लागतो. दुसऱ्या घराचा चालत नाही." इथपर्यंत मला पटलं. पण जोडकाम झाल्यावरही तुम्ही ती मिनिटं पुसू द्यायचा नाहीत. मूळ कॅसेट पुन्हा वापरायच्या आधी ती वेगळ्या पाच कॅसेटींवर उतरवून ठेवायचा. वर चिठ्ठी: 'खोल्या'. एकेका कॅसेटीत पस्तीस-चाळीस घरं.

मी म्हणायचो, "भाऊ, पाच कॅसेटी भरून शांतता! उद्या हवा साठवा डब्यात."

तुम्ही म्हणायचा, "शांतता कुठं आहे त्यात? ऐक तर."

एक गोष्ट मात्र मी तेव्हाच पाहिली होती. ते मिनिट चालू असताना तुम्ही श्वास रोखायचा. हात वर, मान खाली, आणि छाती थांबलेली. मी एकदा घड्याळ लावून बघितलं. बासष्ट सेकंद. "दुसऱ्याच्या घरात आपला श्वास कशाला ठेवून यायचा?" असं तुम्ही म्हणाला होता. म्हणून त्या मिनिटांतही तुम्ही नाही.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर नवा वर्ग सुरू झाला. चौदा जण, आणि सरावाला कोऱ्या कॅसेटी फक्त तीन. अनुदान आलं नव्हतं. मी कपाट उघडलं, 'खोल्या' लिहिलेल्या पाच कॅसेटी काढल्या, आणि वर्गाला दिल्या. चुकून नाही दिल्या. विचार करून दिल्या. पाच कॅसेटी म्हणजे पाच तास, आणि त्यात माणूस नाही, असा तो विचार होता. चौदा जणांनी त्यावर 'माइक टेस्टिंग' आणि एकमेकांच्या मुलाखती भरल्या. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि पुन्हा जोडकामाला लागलात. मला वाटलं, पटलं.

त्याच थंडीत विलास गेला.

भडगावचा विलास. आपल्याच वर्गातला, एकोणीस वर्षांचा, दम्यानं वाळलेला, पण माइक धरला की हात दगडासारखा स्थिर. आदल्या उन्हाळ्यात त्याच्याच घरी आपण त्याच्या आईची, सोनाबाईंची मुलाखत भरली होती. त्या रिकाम्या मिनिटात सगळे गप्प होते, फक्त विलासच्या छातीची शिट्टी वाजत होती. तो बिचारा शरमला. बाहेर जातो म्हणाला. तुम्ही त्याला हातानं खाली बसवलं होतं.

होळीनंतर सोनाबाई एकट्या केंद्रात आल्या. डोक्यावर ऊन घेऊन, एस.टी.नं. त्यांना मुलाखत नको होती, त्या मिनिटातला विलासचा दम हवा होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या दिसले तुम्ही समदासले गप बसाडं व्हतं. मना पोऱ्याना दम वाजी ऱ्हायना व्हता. तेवढंच द्या माले. घरमा आते कोठेच वाजत नही."

मी त्या वेळी कपाटाशी उभा होतो. मला पाठ फिरवता येईना. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. म्हणालात, "शोधावं लागेल, अक्का. पंधरा दिवसांनी या."

पंधरा दिवसांनी त्या आल्या आणि तुम्ही त्यांना कॅसेट दिली. त्यांनी तिथंच ऐकली. तुम्ही हेडफोन त्यांच्या पदरावरून कानाला लावून दिलेत. चार-पाच सेकंद झाले असतील. त्यांनी डावा हात हळूच वर उचलला, एखाद्या झोपलेल्याच्या छातीवर ठेवावा तसा हवेत ठेवला, आणि म्हणाल्या, "शे."

एवढंच. शे. आहे.

ते असणं शक्य नव्हतं. मीच पुसलं होतं.

त्याच आठवड्यात धुळ्याहून परतताना एस.टी.त मी विषय काढला. पारोळा मागं पडलं होतं. तुम्ही खिडकीपाशी.

"भाऊ, तुम्ही त्या बाईला खोटं दिलंत."

"हं."

"कुणाच्या घरचं आहे ते?"

"माझ्या. तुझी वहिनी लग्नाला शिंदखेड्याला गेली होती. दुपारी दार लावलं, यंत्र चालू केलं, आणि खाली बसलो. या वेळी श्वास नाही रोखला. एवढंच."

"म्हणजे दमेकऱ्याची नक्कल केलीत! त्या आईसमोर!"

"नाही रे बाबा. मला कुठली येते नक्कल? नुसता बसलो होतो."

"मग तिनं ऐकलं काय?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "तेच तर म्हणतो. तू एकदा ऐक. तू मोजणारा माणूस आहेस. मोज आणि मला सांग."

मी म्हणालो, "खोटं काय मोजायचं?"

तुम्ही पुन्हा खिडकीकडे वळलात. मग म्हणालात, "तू पुसलंस, मी भरलं. तुला तिच्यासमोर उभं राहावं लागू नये, एवढं तरी झालं ना?" मला तो टोमणा वाटला. मी जळगाव येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दोन महिने आपण केंद्रात भेटायचो, वर्ग घ्यायचो, पण बोलणं कामापुरतं. त्या दोन महिन्यांत तुम्ही मला आणखी तीनदा म्हणालात, ऐक म्हणून. एकदा समाजमंदिराच्या पायरीवर. एकदा स्कूटरला किक मारताना, सहज बोलल्यासारखं: "अरे, भडगावला एकदा जाऊ. ती टेप ऐक." आणि शेवटचं चिठ्ठीत, माझ्या वहीत ठेवलेल्या: 'मुनीम, मलाही नीट कळत नाही त्यात काय आलंय. तू सांगशील ते मी मानीन.' बसमधलं धरून चार वेळा. चारही वेळा मी नाही म्हटलं. मला वाटत होतं, तुम्ही मला तुमच्या खोट्यात भागीदार करू बघताय. तुम्हाला साक्षीदार हवा होता, हे मला कळलं नाही. तुम्ही घाबरलेले होता, भाऊ. माझ्यासारख्या माणसानं आकडा सांगितला असता तर तुम्हाला झोप लागली असती. ती मी लागू दिली नाही.

बुधवारी संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी, शेवटची कॅसेट संपली. शकुंतलेनं विचारलं, "वहीत एकशे एकोणपन्नास आहेत. शेवटची कुठं आहे?" मी म्हणालो, भडगावला.

जगात तुमचा तेवढाच आवाज उरला होता. एक मिनिट, तोही श्वासाचा. आणि तो एका आईकडे होता, तिच्या मुलाचा म्हणून. वहिनींना द्यायचा तर तिच्याकडून आणावा लागणार. आणायचा तर का, ते सांगावं लागणार. सांगितलं तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी माझ्या हातून. न सांगावं तर वहिनी रोज शकुंतलेकडे निरोप पाठवत होत्या: "सापडलं का?"

गुरुवारी दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर गोणपाटात गुंडाळला आणि पाचोऱ्याची गाडी धरली. पाचोऱ्याहून भडगाव. पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडची या दिवसांतली दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. गिरणेचं पात्र कोरडं, पांढरं. वस्तीतली सगळी दारं ओढलेली, आणि प्रत्येक दाराच्या आत माणसं आहेत हे माहीत असूनही गाव रिकामं. मला वाटलं, कुणीतरी हात वर केला आहे आणि सगळं भडगाव गप्प बसलं आहे.

सोनाबाईंनी दार उघडलं. "या दादा. ऊनमा कसाले उनात?" उन्हात कशाला आलात, म्हणत पाणी दिलं. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. "आयकं मी. चांगला माणूस व्हता," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "टेप आयकतस का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी यंत्र समोर ओढलं. रोज दुपारी या वेळी त्या ऐकतात. बटण दाबलं.

आधी खरखर. मग घड्याळ. टक, टक. तुमच्या भिंतीवरचं घड्याळ, भाऊ. सहा वर्षं त्याखाली चहा प्यायलोय, ओळखणार नाही का? सोनाबाईंच्या घरात घड्याळ नाही. त्यांचं छत पत्र्याचं, उन्हानं कडकड वाजतं. टेपमध्ये पत्रा वाजत नव्हता. म्हणजे घर तुमचंच. मी मनात म्हटलं, ठीक, आता सांगायचं.

मग श्वास आला. जड, नाकातून, सावकाश. तुमचा. माझे डोळे भरले. आणि त्याच्याखालून, जरा उजवीकडे बसल्यासारखा, दुसरा. वरवरचा, घाईचा, शेवटी बारीक शिट्टी.

मी टेप थांबवली. मागं घेतली. पुन्हा लावली आणि बोटांवर मोजलं. सावकाश श्वास चौदा. घाईचे एकतीस. दोन्ही एकाच वेळी चालू. एक माणूस दोन्ही घेऊ शकत नाही. पुन्हा मागं घेतली. चौदा आणि एकतीस. तिसऱ्यांदाही तेच.

माझं डोकं लगेच कारण शोधायला लागलं. जुन्या टेपवर नवं भरलं तर कधीकधी खालचा आवाज पुरता पुसला जात नाही, हे आपणच वर्गात शिकवतो. मी कॅसेट काढून क्रमांक बघितला. एकशे एकोणपन्नास. एप्रिलमध्ये मी स्वतः विकत आणलेल्या दहातली ती शेवटची. वरचा कागद तुमच्यासमोर फाडला होता. तिच्यावर आधी काही भरलेलं असण्याचा प्रश्न नव्हता.

सोनाबाई माझ्याकडे बघत होत्या. "दोन शेतस," त्या शांतपणे म्हणाल्या. "येक मना पोऱ्या. येक तुमना भाऊ. माले पहिल्या दिसपासून माहीत शे."

तेव्हा मी सांगितलं. जे माझं होतं ते आधी. "मावशी, तुमच्या घरातली टेप मी पुसली. दिवाळीनंतर. मुद्दाम. त्यात काही नाही असं मला वाटलं."

पाण्याचं भांडं त्यांनी बाजूला सरकवलं. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील. "पुसी टाकी?"

"हो."

त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं. "मंग हाई काय शे?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुम्ही शिकवलं नसतं तर कदाचित बोललोही असतो. "हे भाऊंच्या घरी भरलंय. जळगावला. तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवायला नको म्हणून. त्या दुपारी भाऊ घरात एकटे होते."

बाहेर पत्रा एकदा कडकन वाजला. सोनाबाईंनी पदर सारखा केला, थोडा विचार केला. जणू मी त्यांना विलासचा पत्ता सांगितला होता आणि त्या तो लक्षात ठेवत होत्या.

"मंग तो तठे गया व्हता," त्या म्हणाल्या. तठे, म्हणजे तुमच्या घरी. "तुमना भाऊनी त्याले बसाडं व्हई. बाहेर जाऊ दिधं नही व्हई."

मी पुन्हा कॅसेटीकडे बघितलं.  आकडे माझे होते, चौदा आणि एकतीस, आणि ते तिच्या बाजूनं होते.

वहिनींचं सांगितलं. त्यांना तुमचा आवाज हवा आहे, दुसरा कुठलाच नाही. "कापी करी ल्या ना मंग," त्या म्हणाल्या, "बठ्ठा दिवस शे." सगळा दिवस पडला होता. मी ती कॅसेट आणि सोबत आणलेली कोरी, दोन्ही लावल्या. नक्कल होत असताना आम्ही दोघं गप्प बसलो. मिनिट संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी श्वास रोखून धरला होता.

नक्कल मी पिशवीत ठेवू लागलो तेव्हा त्यांनी हात धरला. "ती माले द्या. मूळ तिले ली जा. मना कान पक्का व्हई गया, माले कापीबी चाली. तिना माणूस आते गया शे."

भाऊ, हे तुमच्या हयातीत घडायला हवं होतं. बसमध्ये तुम्ही म्हणालात तेव्हा मी भडगावला आलो असतो, तिथंच मोजलं असतं, आणि सांगितलं असतं: भाऊ, दोन आहेत. कसे आले ते मला माहीत नाही, पण दोन आहेत. तुम्ही खोटं दिलं नाहीत. एवढं एक वाक्य तुम्हाला देणं होतं. ते माझ्याकडेच राहिलं. आणि दुसरं, पारोळ्याच्या पुढं तुम्ही जे म्हणालात तो टोमणा नव्हता. तुम्ही खरंच मला त्या आईसमोर उभं राहण्यापासून वाचवत होता. माझ्या चुकीवर पांघरूण घालायला तुम्ही दुपारभर दार लावून एकटे बसलात. असं कुणी माझ्याकरता आजवर बसलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी वहिनींकडे गेलो. त्याच खोलीत, त्याच घड्याळाखाली यंत्र लावलं. भिंतीवरचं घड्याळ आणि टेपमधलं घड्याळ, दोन्ही चालू झाली. थोडी मागंपुढं, मग काही ठोके एकत्र, मग पुन्हा मागंपुढं. तुमचा पहिला श्वास आला आणि वहिनींनी डोळे मिटले. "हेच," त्या म्हणाल्या. "नाकातला तो आवाज. चाळीस वर्षं मी यावरून भांडले."

त्या हसत होत्या. मग हळूहळू हसू थांबलं. त्यांनी डोळे उघडले आणि खोलीच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथं तुमची चटई गुंडाळून ठेवली होती.

"आणि हे दुसरं कोण आहे?"

मी आयुष्यात कुठल्या कागदावर मला माहीत नसलेली गोष्ट लिहिली नाही. सही केली नाही. मी म्हणालो, "भडगावचा विलास. दम्याचा मुलगा. तुम्ही शिंदखेड्याला होता ना, त्या दुपारी आला होता."

वहिनी उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"जेवून गेला का?" त्यांनी विचारलं. "यांना नाही सुचायचं कुणाला वाढायचं."

मी म्हणालो, ते मला माहीत नाही.

मूळ कॅसेट, क्रमांक एकशे एकोणपन्नास, वहिनींकडे राहिली. वहीत तसं लिहिलं. नक्कल सोनाबाईंकडे. वहिनींनी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे एक डबा दिला. शनिवारी मी तो भडगावला सोनाबाईंच्या हाती पोचता केला: कळण्याच्या चार भाकरी, भरीत, ठेचा. माय-लेकाचं, दोघांचं आहे असं सांगा, असं वहिनी म्हणाल्या होत्या. तसं सांगितलं.